टेहळणीची माणसं हल्ल्यात खर्ची घालू नका

28 जुलै 2025 रोजी श्रीनगरजवळच्या दाचीगामच्या जंगलात लष्कर, सीआरपीएफ आणि जम्मू-काश्मीर पोलिसांनी मिळून तीन दहशतवाद्यांना ठार केलं. 22 एप्रिलला पहलगामच्या बैसरनमध्ये 26 जणांचा जीव घेणारे हेच, असं गृहमंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी लोकसभेत सांगितलं. त्या भाषणातला एक तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दाचीगाममध्ये त्यांचा वावर असल्याची खबर 22 मे रोजीच लागली होती. तिथून 22 जुलैपर्यंत, म्हणजे पूर्ण दोन महिने, गुप्तचर विभागाची आणि लष्कराची माणसं यंत्रं घेऊन थंडीत, उंचावर, पायी हिंडत सिग्नल पकडत होती. खात्री पटल्यावरच घेराव घालण्यात आला आणि 4 पॅरा या स्पेशल फोर्सेस पलटणीचे जवान पुढे गेले.

दोन महिने पाळत आणि एक दिवस चकमक. निवडक सैनिकांच्या टेहळणी तुकड्या जे काम करतात, त्याचं प्रमाण बहुतेक वेळा असंच असतं. आपण मात्र साजरा करतो तो फक्त शेवटचा दिवस. आणि जे साजरं होतं त्याच्याकडेच पैसा, बढत्या आणि वरिष्ठांचं लक्ष वळतं. ही माणसं शत्रूच्या पोटात शिरून पाहण्यासाठी आणि पाहिलेलं जिवंत परत येऊन सांगण्यासाठी घडवलेली असतात. त्यांना धडक मारणारं पायदळ म्हणून वापरलं की दोन नुकसानं एकदम होतात. घडायला वर्षानुवर्षं लागलेले जवान एका रात्रीत जातात, आणि त्यांच्या मागे उभं असलेलं सैन्य दुसऱ्या दिवशी आंधळं होतं. हे टाळणं आपल्या हातात आहे, आणि त्याबद्दल नागरिकांनीही बोललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

हे काम जवळून पाहिलं तर त्यात पडद्यावर दाखवण्यासारखं फारसं काही नाही. चार-सहा जण रात्री चालत जातात, उजाडण्यापूर्वी एखाद्या कपारीत किंवा दाट झुडपात शिरतात आणि मग दिवसचे दिवस तिथेच पडून राहतात. पाळीपाळीने दोघं जागे, बाकीचे झोपलेले. चूल नाही, धूर नाही, गरम चहा नाही. खाणं कोरडं आणि गार. विष्ठासुद्धा पिशवीत बांधून परत न्यायची, कारण मागे राहिलेला वास माग काढणाऱ्या कुत्र्याला पुरतो. दुर्बिणीच्या काचेवर ऊन चमकू नये म्हणून तिच्यावर जाळी ओढायची. बर्फात रेडिओची बॅटरी दम टाकते, म्हणून ती कपड्यांच्या आत, अंगाशी धरायची. आणि नोंदी ठेवायच्या: किती माणसं, कुठून कुठे, किती वाजता, पाठीवर काय, चाल थकलेली की ताजी. खेचरं वर जाताना भरलेली आणि खाली येताना रिकामी दिसली, तर वर कुठेतरी साठा होतो आहे एवढं त्यातून कळतं. समोरून शत्रूचा अधिकारी गोळीच्या टप्प्यातून चालत गेला तरी चापावर बोट न्यायचं नाही. माझ्या मते हा संयम अंगी बाणायला नेमबाजी शिकण्यापेक्षा कितीतरी जास्त काळ लागतो, आणि तो थोड्यांच्याच अंगी बाणतो.

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांच्या ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ने हे काम ज्या दर्जाचं केलं त्याला तोड नाही. 1940 साली मेजर राल्फ बॅग्नोल्ड यांनी कैरोमध्ये ही तुकडी उभी केली. सुरुवातीचे बरेच जवान न्यूझीलंडचे होते, पुढे त्यांच्या जोडीला भारतीय घोडदळाच्या पलटणींमधून निवडलेल्या सैनिकांचं ‘इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रन’ही आलं. या तुकडीने विमानतळांवर छापे घातले, ‘एसएएस’ या ब्रिटिश छापामार तुकडीच्या जवानांना वाळवंटातून वाट दाखवत नेलं. त्या गोष्टी लोकांना आठवतात. पण त्यांचं सर्वात मोलाचं काम होतं रस्त्यावर नजर ठेवण्याचं. मार्च ते जुलै 1942 या काळात त्रिपोली ते बेनगाझी या किनारी रस्त्याशेजारी, शत्रूच्या मुलखात शेकडो किलोमीटर आत, दोन-दोन माणसं उघड्या वाळवंटात दिवसभर पालथी पडून राहत. अंधार पडला की आणखी पुढे सरकायचं आणि आवाजावरून, आकारावरून गाड्या ओळखायच्या. जाणारा-येणारा प्रत्येक ट्रक, प्रत्येक रणगाडा, सैनिकांनी भरलेली प्रत्येक गाडी नोंदवली जात होती. जर्मन सेनापती रोमेलच्या सैन्याला काय पोचतंय आणि काय नाही, याचा हिशेब कैरोतल्या टेबलावर त्या नोंदींवरून लागत होता. दुसऱ्या मार्गांनी मिळालेली माहिती खरी की खोटी, हेही या मोजदादीवरून पडताळता येई.

याच तुकडीचं पुढे काय झालं, हे मला प्रत्येक संरक्षणमंत्र्याने वाचावंसं वाटतं. आफ्रिकेतलं युद्ध संपलं आणि 1943 च्या शरद ऋतूत ही माणसं एजियन समुद्रातल्या बेटांवर पाठवली गेली. तिथे लेव्हिथा नावाच्या छोट्या बेटावर जर्मन सैनिक होते. ते किती आणि कुठे, याची नीट खातरजमा झालेली नव्हती. 23 ऑक्टोबरच्या रात्री सुमारे पन्नास जणांना साध्या पायदळासारखं बेट जिंकायला उतरवलं. त्यांतले चाळीसच्या आसपास परतले नाहीत. बहुतेक पकडले गेले, काही मेले. नोव्हेंबरमध्ये लेरॉस बेटाच्या लढाईत त्यांचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल जेक ईझनस्मिथ मारले गेले. आपल्या जवानांना या मोहिमेवर पाठवताना आपल्याला विचारलंसुद्धा नाही म्हणून न्यूझीलंड सरकारने आपलं स्क्वॉड्रन काढून घेतलं. ज्यांना वाळवंटातल्या एकेका विहिरीचा पत्ता ठाऊक होता, ती माणसं एका अशा बेटासाठी गेली जिथे आधी दोघांना पाठवून नुसतं पाहून यायला हवं होतं. पाहणाऱ्यांनाच न पाहता झोकून दिलं गेलं.

हे परक्यांचं झालं. आपल्याकडेही या दोन्ही बाजू आहेत, आणि चांगली बाजू आधी सांगायला हवी. 1965 च्या युद्धात मेजर मेघसिंग यांनी स्वयंसेवक गोळा करून ‘मेघदूत फोर्स’ उभी केली. त्यातूनच 1966 मध्ये 9 पॅरा कमांडो आणि पुढच्या वर्षी वाळवंटासाठी 10 पॅरा कमांडो या पलटणी आल्या. 1971 च्या डिसेंबरमध्ये लेफ्टनंट कर्नल सवाई भवानीसिंग यांच्या नेतृत्वाखाली 10 पॅरा कमांडोंनी जीपगाड्यांतून सिंधच्या वाळवंटात खोल घुसून छाछरोवर छापा घातला. हा छापा होता, मान्य. पण त्याआधी महिनोन्महिने त्याच वाळूत गाड्या चालवण्याचा, तारे पाहून दिशा धरण्याचा सराव झाला होता. त्यांनी आधी मुलूख वाचला आणि मग हात घातला.

श्रीलंकेतल्या जाफन्यात, आपली शांतिसेना तिथे असताना, 1987 साली याच्या उलट घडलं. 11 ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर 10 पॅरा कमांडोंना आणि 13 शीख लाइट इन्फन्ट्रीच्या एका प्लाटूनला हेलिकॉप्टरने उतरवलं. एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेचे नेते तिथे हाती लागतील अशी अपेक्षा होती. आपण येणार हे शत्रूला आधीच कळलं होतं, आणि त्याला ते कळलं आहे हे आपल्याला कळलेलं नव्हतं. शीख लाइट इन्फन्ट्रीचे तीस जण उतरले, त्यांतला एकच जिवंत राहिला, तोही कैदी म्हणून. कमांडो लढत लढत कसेबसे बाहेर पडले. शौर्याला तिथे काहीही कमी पडलं नाही. उतरण्यापूर्वी त्या मैदानाच्या कडेला कोणीतरी दोन रात्री पडून राहायला हवं होतं, ते घडलं नाही.

पण आपल्यासाठी सगळ्यात मोठा धडा कारगिलचाच आहे. तो पंचवीस वर्षं आपण फक्त विजयाच्या बाजूने आठवत आलो आहोत. 3 मे 1999 रोजी बटालिक भागातल्या गारकोन गावचे ताशी नामग्याल हरवलेला याक शोधत डोंगरात गेले होते. त्यांनी दुर्बीण लावली, तर वर काळ्या कपड्यांतली माणसं दगड रचताना आणि बर्फ उपसताना दिसली. त्यांनी खाली येऊन 3 पंजाबच्या जवानांना सांगितलं. शंभरहून अधिक किलोमीटर लांबीच्या डोंगररांगेत पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीचे सैनिक येऊन बसले होते, आणि या प्रचंड देशाला ते पहिल्यांदा सांगितलं एका मेंढपाळाने. नामग्याल 2024 च्या डिसेंबरमध्ये गेले. त्यांच्या नावाने लष्कराच्या एखाद्या टेहळणी प्रशिक्षण केंद्राची इमारत असायला हवी, असं मला वाटतं.

हिवाळ्यात त्या भागावर हेलिकॉप्टरने पाहणी होत होती. पण हेलिकॉप्टरचा आवाज ते दिसण्याच्या कितीतरी आधी येतो. पांढऱ्या कपड्यांतला माणूस खडकाच्या सावलीत दोन मिनिटं निश्चल बसला की वरून काहीच दिसत नाही. पायी गस्ती बर्फामुळे थांबलेल्या होत्या. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या कारगिल आढावा समितीने, जिचा अहवाल फेब्रुवारी 2000 मध्ये संसदेत मांडला गेला, ही घुसखोरी सरकार आणि लष्कर दोघांनाही अनपेक्षित होती असं स्पष्ट नोंदवलं.

घुसखोरी लक्षात आल्यानंतर काय झालं, तेही पाहा. 15 मे रोजी 4 जाटचे कॅप्टन सौरभ कालिया पाच जवानांना घेऊन काकसर भागातल्या बजरंग पोस्टकडे गस्तीवर गेले. त्यांना कमिशन मिळून सहा महिनेही झाले नव्हते. ते सहाही जण पकडले गेले आणि 9 जूनला त्यांचे छळ केलेले मृतदेह परत आले. त्यांच्या धैर्यापुढे नतमस्तक होऊनही मला एक प्रश्न विचारायचा आहे. वर किती शत्रू आहे हेच ज्या डोंगरावर शोधायचं होतं, तिथे टेहळणीत मुरलेली, त्या उंचीची सवय झालेली, लपून पाहून परत यायला शिकलेली तुकडी का नव्हती? त्याच काळात द्रासमध्ये 18 ग्रेनेडियर्स तोलोलिंगच्या उघड्या चढावर चढत होते. वर थोडेसे घुसखोर आहेत या समजुतीवर सुरुवातीचे हल्ले झाले. प्रत्यक्षात वर पक्के संगर (दगड रचून केलेले मोर्चे), मशिनगन आणि खाली रस्त्यापर्यंत पोचणारी नजर होती. मेजर राजेश अधिकारी गेले, लेफ्टनंट कर्नल आर. विश्वनाथन गेले. तीन आठवड्यांनी, 13 जूनला, 2 राजपुताना रायफल्सनी तोलोलिंग घेतलं, तेव्हा तोफांचा मारा अचूक होत होता आणि वर काय आहे हे कळलेलं होतं. त्या तीन आठवड्यांत आपण जी माहिती मिळवली, ती जवानांच्या रक्ताने मिळवली. कारगिलमध्ये 527 जण शहीद झाले. त्यांतले काही जण आधी नीट पाहिलं असतं तर आज घरी असते, हे वाक्य लिहिताना हात जड होतो, पण ते लिहायलाच हवं.

हे सगळं जुनं झालं, आता ड्रोन आहेत, उपग्रह आहेत, असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यात तथ्य आहे. ज्या कामासाठी पूर्वी सहा जणांना कड्यावर पाठवावं लागे, त्यातलं बरंचसं आज यंत्र करतं आणि ते चांगलंच आहे. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये भारताने अमेरिकेकडून 31 एमक्यू-9बी ड्रोन घेण्याचा करार केला, त्याचा नियंत्रण रेषेवर आणि समुद्रावर उपयोगच होईल. पण कारगिल पेटलं त्याच वसंतात युरोपात काय घडत होतं ते आठवून पाहा. नाटोने कोसोव्होसाठी युगोस्लाव्हियावर 78 दिवस बॉम्बफेक केली. आकाश पूर्णपणे त्यांचं होतं, कॅमेरे जगातले सर्वोत्तम. जमिनीवर मात्र त्यांची पलटण नव्हती. सर्ब सैन्याने खोटे रणगाडे, खोटे पूल उभे केले आणि लढाई संपल्यावर नाटोचे दावे आणि जमिनीवर सापडलेले सांगाडे यांचा मेळ बसेना. यंत्र आकार दाखवतं. त्या आकाराच्या आत डिझेल आहे की पेंढा, हे जवळ गेलेला माणूस सांगतो. शिवाय ढग उतरले, देवदाराचं जंगल दाट झालं, सिग्नल अडवला गेला, की यंत्र नेमकं त्याच वेळी मुकं होतं. दाचीगाममध्येही शेवटी माणसांना यंत्र पाठीवर घेऊन डोंगर तुडवावे लागले.

आता एका मुद्द्यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण त्यावर आपल्याकडे फार कमी बोललं जातं. टेहळणीचं यश त्या मुलखातल्या साध्या माणसांवर अवलंबून असतं. 28 जून 2005 रोजी अफगाणिस्तानच्या कुनार प्रांतात अमेरिकेच्या नेव्ही सीलचे चार जण टेहळणीसाठी डोंगरात लपले होते. जगातल्या सर्वोत्तम प्रशिक्षणातून आलेले. शेळ्या चारणाऱ्या लोकांना ते दिसले. काही वेळातच तालिबानने त्यांना घेरलं. चारांपैकी तीन जण गेले आणि त्यांना सोडवायला आलेलं हेलिकॉप्टर पाडलं गेलं, त्यात आणखी 16 जण गेले. कुनारमध्ये डोंगरातली माणसं आपली नव्हती, बटालिकमध्ये आपली होती. एवढ्या एका फरकाने दोन्ही ठिकाणचा इतिहास ठरला.

लडाखने हे आपल्याला वारंवार दाखवलं आहे. 1948 मध्ये सतरा वर्षांच्या चेवांग रिंचेन यांनी नुब्रा खोऱ्यातल्या पोरांना गोळा करून शत्रूला रोखलं आणि महावीर चक्र मिळवलं. 1971 मध्ये तुर्तुक घेताना त्यांना ते दुसऱ्यांदा मिळालं. 1963 मध्ये उभ्या राहिलेल्या लडाख स्काउट्सना कारगिलनंतर, 2000 मध्ये, पूर्ण रेजिमेंटचा दर्जा दिला गेला. लडाख स्काउट्सचे मेजर सोनम वांगचुक यांनी 30 मे 1999 रोजी चोरबत ला भागातला उंच कडा शत्रूकडून घेतला, ते त्या उंचीवर जन्मलेल्या माणसांशिवाय होणं कठीण होतं. तिबेटी जवानांच्या ‘स्पेशल फ्रंटियर फोर्स’ने ऑगस्ट 2020 च्या अखेरीस पँगाँगच्या दक्षिणेकडची शिखरं घेतली तेव्हाही हेच दिसलं. त्या मोहिमेच्या काळात भूसुरुंगाने गेलेले न्यिमा तेनझिन हे पिढ्यानपिढ्या त्या पठारावर राहिलेल्या समाजातले होते.

आणि याच लडाखमध्ये आज काय चाललं आहे? 15 जून 2020 च्या गलवाननंतर काही ठिकाणी दोन्ही सैन्यांमध्ये मोकळे पट्टे सोडले गेले. त्यांत चुशूल आणि आसपासच्या गावांची पिढीजात चराईची जमीन गेली. तिथले लोकप्रतिनिधी हे वर्षानुवर्षं ओरडून सांगत आहेत. 2023 च्या जानेवारीत लेहच्या पोलीस अधीक्षकांनी एका परिषदेसाठी लिहिलेल्या टिपणात काराकोरम खिंडीपासून चुमारपर्यंतच्या 65 गस्त बिंदूंपैकी 26 ठिकाणी आपली उपस्थिती उरली नसल्याचं म्हटलं होतं. 2024 च्या जानेवारीत आपले मेंढपाळ चिनी सैनिकांशी दगड हातात घेऊन वाद घालताना साऱ्या देशाने व्हिडिओत पाहिले. ऑक्टोबर 2024 च्या समझोत्याने देपसांग आणि डेमचोकमध्ये गस्त पुन्हा सुरू झाली, ते स्वागतार्हच. पण जिथे मेंढपाळ जात नाही तिथे काय बदललं हे सांगायला कोणी उरत नाही. पश्मिना शेळ्यांच्या कळपाला कुरण मिळणं हा सुरक्षेचाच प्रश्न आहे आणि त्यावर संरक्षण मंत्रालयाने कृषी खात्याइतकंच बोललं पाहिजे.

‘न पाहता हात घातला तर’ याचं सगळ्यात वेदनादायक उदाहरण आपल्याच देशातलं, आपल्याच लोकांच्या बाबतीतलं आहे. 4 डिसेंबर 2021 रोजी नागालँडच्या मोन जिल्ह्यात, ओटिंग गावाजवळ, 21 पॅराच्या जवानांनी दबा धरला होता. बंडखोर येणार अशी खबर होती. आली ती कोळसा खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांची पिकअप गाडी. सहा मजूर जागीच गेले. संतापलेल्या गावकऱ्यांशी झालेल्या झटापटीत आणि दुसऱ्या दिवशीच्या हिंसेत आणखी आठ नागरिक आणि एक जवान गेला. चुकीच्या ओळखीतून हे घडल्याचं गृहमंत्र्यांनी संसदेत मान्य केलं. नागालँड पोलिसांनी 30 जणांवर आरोपपत्र दाखल केलं, केंद्राने खटल्याची परवानगी नाकारली आणि सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कारवाई बंद केली.

मराठी वाचकाने याकडे दूरच्या राज्यातली बातमी म्हणून पाहू नये. 21 पॅरा ही मूळची 21 मराठा लाइट इन्फन्ट्री. 1996 मध्ये तिचं रूपांतर झालं. 11 डिसेंबर 1971 रोजी टंगाइलला छत्रीने उतरलेली 2 पॅरा हीसुद्धा मूळची मराठा पलटणच. बेळगावच्या मराठा केंद्राशी या पलटणींचं नातं आहे. सातारा, कोल्हापूर, सांगलीच्या गावागावांत त्यांचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. म्हणूनच माझा आग्रह आहे की ओटिंगच्या त्या संध्याकाळी काय चुकलं हे लष्कराने सविस्तर सांगावं. खबर कोणी दिली, ती दुसऱ्या डोळ्यांनी पडताळली होती का, गाडीतल्या माणसांकडे शस्त्रं दिसली होती का, दबा धरणाऱ्यांना थांबण्याचा अधिकार होता का. ही उत्तरं बाहेर आली तर पलटणीची इज्जत वाढेल. ती दडून राहिली तर पुढच्या दब्यातला जवान तसाच अर्धवट माहितीवर सोडला जाईल, आणि समोरून येणाऱ्या मजुराचं काय व्हायचं ते होईल.

इतकं सगळं असूनही आपण वळतो ते चकमकीच्याच चित्राकडे. 29 सप्टेंबर 2016 चे सर्जिकल स्ट्राइक ही धाडसी आणि नियोजनबद्ध कारवाई होती. त्याआधी दहशतवाद्यांच्या तळांवर पाळत ठेवणाऱ्यांनी जे केलं त्याशिवाय ती शक्यच नव्हती. पण दोन वर्षांनी जेव्हा ‘पराक्रम पर्व’ साजरं झालं आणि विद्यापीठांना तो दिवस पाळायला सांगितला गेला, तेव्हा मुलांपुढे ठेवली गेली ती धडक. 2019 च्या विश्वचषकात धोनीच्या ग्लव्हवर पॅरा स्पेशल फोर्सेसचं बलिदान चिन्ह दिसलं तेव्हा सारा देश त्या चिन्हाच्या बाजूने उभा राहिला. त्या भावनेत काही खोट नाही. पण ते चिन्ह लावणारा जवान आयुष्यातल्या बहुतेक रात्री कसा घालवतो, हे जर आपण मुलांना सांगितलंच नाही, तर उद्या त्यांतलाच कोणी मंत्री किंवा सेनापती झाला की तोही या तुकड्यांकडे फक्त धाडसी कारवाईसाठीच पाहील. लोकांना काय हवं आहे हे सरकारला फार लवकर कळतं, आणि दर धक्क्यानंतर ‘काहीतरी करून दाखवा’ असा आरडाओरडा आपणच करत असतो.

यावर लष्करातले जाणकार म्हणतील की भारतासारख्या सैन्यात टेहळणी आणि छापा यांच्या तुकड्या पूर्णपणे वेगळ्या ठेवणं परवडणार नाही, आणि जो शिखरावर जाऊन पाहू शकतो तोच तिथे शत्रूला मारूही शकतो. हे खरं आहे. संधी साधून केलेला अचूक छापा हा या जवानांच्या कामाचा भाग राहणारच. माझा आक्षेप आहे तो त्यांना धडक पायदळ म्हणून वापरण्याला, आणि खातरजमा करण्याआधी झोकून देण्याला. अशी वेळ खरोखर आलीच तर हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याने लेखी कारण नोंदवावं: दुसरी कुठली पलटण का चालत नव्हती, आधी पाहणी झाली होती का, नसेल तर का नाही. एवढ्या एका कागदाने बरेच घाईचे हुकूम आपोआप थांबतील.

दुसरी गोष्ट माणसांची. टेहळणीतला हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार हाच त्या तुकडीचा कणा असतो. खडकाकडे पाहून इथे काल माणूस बसला होता हे ओळखणं कोणत्याही वर्गात शिकवता येत नाही, ते जुन्या जाणत्याबरोबर डोंगरात राहून येतं. जून 2022 मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत भरती होणाऱ्या मुलाला चार वर्षं मिळतात आणि त्यांतल्या पंचवीस टक्क्यांनाच पुढे ठेवलं जातं. साध्या पायदळासाठी हे चालेल की नाही यावर वाद होऊ शकतो. टेहळणीसाठी मात्र हे अजिबात चालणार नाही. जो मुलगा तिसऱ्या वर्षी नुकता डोंगर वाचायला लागला, त्याला चौथ्या वर्षी पैसे देऊन घरी पाठवणं म्हणजे पेरून झाल्यावर उभं पीक सोडून जाणं आहे. स्पेशल फोर्सेसमध्ये आणि पायदळ पलटणींच्या ‘घातक’ या निवडक जवानांच्या प्लाटूनमधल्या टेहळणीच्या जागांवर निवडलेल्या प्रत्येकाला पूर्ण सेवेची हमी मिळाली पाहिजे. बढतीसाठी चकमकींची संख्या मोजण्याची सवयही सोडावी लागेल. तीन महिने एका खिंडीवर नजर ठेवून ‘इथे काहीही नाही’ असं खात्रीने सांगणाऱ्या सुभेदाराने सैन्याचं एक ब्रिगेड वाचवलेलं असतं, आणि त्याच्या छातीवर त्यासाठी पदक असलं पाहिजे.

आणि त्याने आणलेली नकोशी खबरही तितक्याच आदराने वर गेली पाहिजे. टेहळणीच्या तुकडीचा अहवाल मधल्या चार टेबलांवर मवाळ न होता थेट कोअर मुख्यालयापर्यंत जावा, आणि तो बाजूला ठेवला गेला तर कोणी आणि का ठेवला याची नोंद राहावी. अशी व्यवस्था कायमची बसवायला नवा कायदा लागत नाही, सेनामुख्यालयाचा एक आदेश पुरतो.

2019 मध्ये तिन्ही दलांच्या खास जवानांना एकत्र आणणारा विशेष मोहिमांचा विभाग उभा राहिला. त्याच्या सरावांमध्ये छाप्याइतकेच दिवस नुसत्या टेहळणीला दिले जातात का, हा प्रश्न आपल्या खासदारांनी संरक्षणविषयक संसदीय समितीत विचारावा. महाराष्ट्रातून निवडून गेलेल्यांनी तर नक्कीच, कारण या पलटणींमध्ये आपल्या गावांची मुलं आहेत.